देहस्वीकार आणि स्वास्थ्याचा आनंद : महाराष्ट्रातील आधुनिक शरीरविचाराचा एक मागोवा

प्रास्ताविक

पावसाळा सरत आला की महाविद्यालयांतून आरोग्यतपासणीची शिबिरे होतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका शिबिरात प्रस्तुत लेखिका नोंदी उतरवून घेण्याच्या कामावर होती. काट्याजवळचा स्वयंसेवक प्रत्येकाचे वजन मोठ्याने सांगे आणि टेबलाशी बसलेले आम्ही ते वहीत लिहीत असू. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी रांगेतून काट्यापर्यंत आली, क्षणभर थांबली आणि परत फिरली. तिच्या मागे उभ्या असलेल्या एका किडकिडीत मुलाला मात्र 'तुला काय होणार आहे' असे म्हणून दोन मिनिटांत मोकळे करण्यात आले. त्या विद्यार्थिनीला थायरॉईडचा विकार असल्याचे पुढे सात-आठ महिन्यांनी कळले. ज्या तपासणीत तो कदाचित आधीच लक्षात आला असता ती तपासणी तिने केवळ आपला आकडा चारचौघांत पुकारला जाईल म्हणून टाळली होती.

या प्रसंगातील दोन्ही चुका एकाच मुळाच्या आहेत. आरोग्याची चौकशी करताना आपण शरीराच्या दिसण्याची चौकशी करतो, आणि दिसण्यावरूनच निकाल देऊन मोकळे होतो. शरीर आहे तसे स्वीकारावे असे म्हणणाऱ्यांवर 'मग आरोग्याचे काय?' असा प्रश्न टाकला जातो. आरोग्याचा आग्रह धरणाऱ्यांना शरीराचा तिरस्कार शिकविणारे ठरविले जाते. देहस्वीकार आणि देहाची निगा ही दोन टोके आहेत हे या वादात गृहीत धरलेले असते. हे गृहीतक मुळात आले कोठून, आणि महाराष्ट्रापुरते पाहिले तर ते नेहमीच होते काय, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. विवेचनाचा भर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धावर आहे. त्याआधीचा आणि नंतरचा भाग त्याच्या अनुषंगाने येतो.

स्वतःच्या बोटांचे माप

प्राचीन वैद्यक शरीराबाबत उदार होते असे सरसकट म्हणता येणार नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'अष्टौनिन्दितीय' नावाचा एक संपूर्ण अध्याय आहे. अतिदीर्घ, अतिह्रस्व, अतिलोमा, अलोमा, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल आणि अतिकृश असे आठ प्रकारचे देह तेथे निंदित म्हणून सांगितले आहेत. शीर्षकच असे की आजच्या वाचकाने पुस्तक मिटून ठेवावे. परंतु पुढे वाचले असता एक गोष्ट लक्षात येते. आठांची यादी देणारा ग्रंथकार चिकित्सा मात्र शेवटच्या दोहोंचीच सांगतो. उंची, केस आणि वर्ण यांवर त्याच्यापाशी औषध नाही, कारण तेथे रोग नाही. तेथे आहे ती लोकांची नजर. समाज कोणाला नावे ठेवतो आणि वैद्याने कोणाची काळजी घ्यायची, या दोन याद्या येथे एकत्र सुरू होऊन पुढे वेगळ्या होतात. अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांतही अतिकृशाची स्थिती त्यातल्या त्यात बरी, असे मत तेथे दिले आहे, आणि त्याचे कारणही चिकित्सेच्या सुलभतेचे आहे, रूपाचे नाही.

याहून महत्त्वाची आहे ती मापनाची पद्धत. चरकाच्या विमानस्थानात शरीराची उंची ८४ अंगुळे असावी असे म्हटले आहे. पण ही अंगुळे ज्याच्या त्याच्या बोटाची. म्हणजे बुटक्याचे माप बुटक्याच्या बोटाने आणि उंचाचे उंचाच्या बोटाने. शरीरातील प्रमाणबद्धता तपासायची ती त्या शरीराच्या आतच. शेजाऱ्याच्या शरीराशी ताडून नव्हे. व्यायामाची मर्यादाही अशीच. आपल्या शक्तीच्या निम्म्यापर्यंतच व्यायाम करावा हा सुश्रुत-वाग्भटांचा दंडक प्रसिद्ध आहे. कपाळावर आणि काखेत घाम येऊ लागला, तोंडाला कोरड पडली की थांबावे. किती बैठका, किती जोर, याचा आकडा तेथे नाही. सुश्रुताच्या स्वस्थ माणसाच्या व्याख्येत दोष, अग्नी, धातू यांच्या समतेबरोबर मन आणि इंद्रिये यांची प्रसन्नताही घातलेली आहे, ती शोभेसाठी नव्हे. प्रसन्नता नसेल तर व्याख्या पुरी होत नाही.

या ग्रंथांचा वाचकवर्ग कोण होता आणि त्यांतील दिनचर्या कोणाला परवडणारी होती, हा प्रश्न अर्थातच उरतो. अभ्यंगाला तेल आणि वेळ दोन्ही लागतात.

बलोपासना : सँडोची पट्टी आणि औंधचे नमस्कार

एकोणिसाव्या शतकात परिस्थिती पालटली. इंग्रजी राज्यकर्त्यांनी हिंदी लोकांची 'लढाऊ' आणि 'बिगरलढाऊ' अशी वर्गवारी केली, आणि सुशिक्षित तरुणाचा देह एकाएकी सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. प्रकृतीने अशक्त असलेल्या टिळकांनी १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतल्यावर पहिले वर्ष अभ्यासाऐवजी तालीम, पोहणे आणि आहार यांत घालविले, ही हकीकत मराठी घराघरांत सांगितली जाते. ती ज्या आदराने सांगितली जाते त्यातच त्या काळाचे मर्म आहे. शरीर कमावणे हे स्वतःपुरते काम राहिले नव्हते. ते देशकार्याची पूर्वतयारी झाले होते. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४), पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४), बडोद्यात प्रा. माणिकरावांचा आखाडा, आणि बडोद्याहूनच द. चिं. मजुमदार यांनी दहा खंडांत काढलेला 'व्यायाम ज्ञानकोश' हे या चळवळीचे टप्पे होत. हुतूतू, खो-खो, मल्लखांब यांना लिखित नियम आणि संघटना मिळाल्या त्या याच काळात. या कार्याचे ऋण मोठे आहे. पण राष्ट्राच्या दुबळेपणाचे खापर जेव्हा तरुणाच्या छातीच्या मापावर फुटते, तेव्हा ज्याची छाती भरत नाही त्याने कोठे जावे, याचे उत्तर या चळवळीपाशी नव्हते. 'काडीपहिलवान' हा शब्द मराठीत नेमका केव्हा रूढ झाला हे शोधण्याजोगे आहे.

या पार्श्वभूमीवर औंध संस्थानचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे व्यायामचरित्र विशेष लक्षणीय ठरते. युजेन सँडो हा त्या काळचा जगप्रसिद्ध शरीरसौष्ठवपटू. १९०४-०५ मध्ये तो हिंदुस्थानचा दौराही करून गेला. त्याच्या पद्धतीत डंबेल्सइतकेच महत्त्व मोजपट्टीला होते : दंड, मांडी, पोटरी, गळा यांची मापे घ्यायची, तक्त्यात भरायची, काही महिन्यांनी पुन्हा घ्यायची. पंतांनी १८९७ च्या सुमारास सँडोची पुस्तके आणि उपकरणे मागविली आणि जवळजवळ दहा वर्षे ती पद्धत निष्ठेने चालविली. नंतर मिरजेच्या अधिपतींच्या प्रेरणेने १९०८ पासून ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि अखेरपर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत.

हा बदल केवळ 'विदेशी सोडून स्वदेशी' असा नव्हे. स्नायूचा घेर वाढविणाऱ्या व्यायामाकडून ते श्वास, पाठीचा कणा आणि पचन यांच्याकडे वळले. साहित्य नको, जोडीदार नको, खर्च नको. सतरंजीएवढी जागा पुरे. आणि मुख्य म्हणजे हा व्यायाम त्यांनी स्त्रियांसाठीही तितक्याच आग्रहाने मांडला. आखाडा पुरुषांचा होता. नमस्कार माजघरात घालता येत होते. राजघराण्यातील स्त्रिया ते घालीत, ही बाब संस्थानी प्रजेच्या दृष्टीने लहान नव्हती. १९२८ मध्ये त्यांचे सूर्यनमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक आले. लुईझ मॉर्गन या पत्रकर्तीने संपादित केलेले त्यांचे दुसरे पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघाले. त्यात नमस्काराच्या दहा स्थिती आरोग्याच्या दहा पायऱ्या म्हणून पाश्चात्त्य वाचकांपुढे ठेवल्या होत्या. पंत स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. शरीराच्या हालचालीतील लय त्यांना कळत होती, आणि नमस्काराविषयी लिहिताना त्यांच्या लेखनात जो उत्साह उतरतो तो प्रचारकाचा कमी आणि आस्वादकाचा अधिक वाटतो.

असे असूनही औंधच्या शाळांत नमस्कार सक्तीचे होते. १९३९ मध्ये आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देणारा, भारतीय संस्थानिकांत अपवादभूत ठरलेला हा राजा व्यायामाच्या बाबतीत मात्र प्रजेच्या इच्छेवर विसंबला नाही. सक्तीने घातलेल्या नमस्कारातून आनंद किती मिळाला असेल, हे त्या शाळांत शिकलेल्यांनाच ठाऊक. मोजपट्टी गेली, पण तिच्या जागी संख्या आली : वयोमानाप्रमाणे किती नमस्कार घालावेत याची. नमस्कार आणि आकडा यांची जी जोडी आपल्याकडे जमली ती आजही सुटलेली नाही. रथसप्तमीला सामूहिक नमस्कारांचे कार्यक्रम होतात, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या बातमीत संख्या असते; कोणाला कसे वाटले ते नसते.

'समाजस्वास्थ्य' : लाजेविरुद्ध एक मासिक

१९२७ हे वर्ष येथे थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. त्या वर्षी ना. सी. फडके यांचे सुप्रजाजननाचा पुरस्कार करणारे इंग्रजी पुस्तक मुंबईत प्रसिद्ध झाले. त्यात शरीराचा विचार होता तो वंशाच्या सुधारणेसाठी. औंधच्या पंतांचे पुस्तक वर्षभराने येणार होते. आणि जुलै १९२७ मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले.

कर्वे (१८८२–१९५३) हे गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि या प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य हे आर्थिक ओढाताण, खटले आणि मासिकाचा पुढचा अंक यांत गेले. पत्नी मालतीबाईंची साथ नसती तर हे मासिक सव्वीस वर्षे चालले नसते. संततिनियमनाचे प्रवर्तक म्हणून कर्वे आपल्याला परिचित आहेत, आणि त्यांच्यावरील बहुतेक लेखन त्याच अंगाने झाले आहे. य. दि. फडके यांनी लिहिलेले चरित्र आणि अमोल पालेकर यांचा 'ध्यासपर्व' (२००१) हा चित्रपट यांमुळे त्यांची ओळख पुढच्या पिढीलाही झाली. येथे मात्र त्यांच्याकडे वेगळ्या बाजूने पाहावयाचे आहे.

कर्व्यांच्या विचारातील मध्यवर्ती सूत्र असे की शरीराचा कोणताही भाग मुळात अश्लील नसतो. अश्लीलता पाहणाऱ्याच्या मनात असते. मासिकाच्या मुखपृष्ठावरील नग्न स्त्रीचित्रे ही याच भूमिकेची जाहीर घोषणा होती. युरोपातील नग्नतावादी चळवळीचा त्यांनी पुरस्कार केला तोही ऊन, हवा आणि निःसंकोचपणा या तिहेरी कारणांसाठी. आपल्या शरीराची लाज बाळगणारा माणूस त्याच्याविषयी अज्ञानी राहतो आणि अज्ञानी माणूस आजारी पडतो, असा हा युक्तिवाद होता. त्यात देहस्वीकार ही आरोग्याच्या आड येणारी गोष्ट नसून आरोग्याची पहिली अट आहे. शिबिरातून परत फिरलेल्या विद्यार्थिनीला हा युक्तिवाद समजावून सांगावा लागला नसता. तिने तो भोगला होता.

वाचकांच्या पत्रांना कर्वे जी उत्तरे देत ती या दृष्टीने मासिकाचा सर्वांत मोलाचा भाग होती. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी अनेक तरुण होते आणि त्यांची भीती बहुधा एकच असे : आपल्या हातून काहीतरी घडले आहे आणि त्यामुळे आपला देह कायमचा क्षीण झाला आहे. ही भीती आली कोठून? तत्कालीन व्यायामविषयक लेखनात ब्रह्मचर्याला जे स्थान होते ते पाहता उत्तर फार दूर शोधावे लागत नाही. वीर्यनाश म्हणजे बलनाश हे समीकरण आखाड्यात आणि उपदेशपर पुस्तकांत सारखेच गिरविले जात होते. एकीकडे बलोपासनेने तरुणांना शरीर दिले आणि दुसरीकडे त्या शरीराविषयी धास्तीही दिली. कर्वे टपालाने येणारी ती धास्ती कमी करीत बसले होते. हस्तमैथुनाने अशक्तता येते या समजाला शास्त्रीय आधार नाही, हे त्यांनी कोरड्या, जवळजवळ गणिती भाषेत पुनःपुन्हा लिहिले. अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लोकांना पडणारे प्रश्न विकृत म्हणून दडपता येत नाहीत, त्यांना ज्ञानानेच उत्तर द्यावे लागते, हा त्या बचावाचा गाभा होता. निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला आणि त्यांना २०० रुपये दंड झाला. त्याआधी १९३१ मध्ये १०० रुपयांचा दंड होऊन गेलाच होता. जन्मभर अस्पृश्य ठरविलेल्या देहांचा प्रश्न लढविणाऱ्या वकिलाला हा खटला आपला वाटावा, यात योगायोगापेक्षा अधिक काही आहे असे प्रस्तुत लेखिकेला वाटते.

कर्व्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. मुखपृष्ठावरील देह हे प्रामुख्याने तरुण आणि सुडौल स्त्रियांचे होते. लाजेच्या विरोधात उभारलेल्या या दालनात म्हाताऱ्या, बाळंतपणांनी ओघळलेल्या, कामाने रापलेल्या देहाला जागा नव्हती. 'शारदेची पत्रे' या सदरात स्त्रीच्या नावाने बोलणारा आवाज कर्व्यांचाच होता. आणि बुद्धिवादाच्या त्यांच्या मांडणीत सुखाला तात्त्विक स्थान पुष्कळ असले तरी हसण्या-खेळण्याला थोडेच. त्यांच्या निधनानंतर नोव्हेंबर १९५३ चा अंक निघाला आणि मासिक थांबले.

माजघरातील खेळ

सँडो, पंत आणि कर्वे यांच्या वादात कोठेही न दिसणारी एक परंपरा याच काळात आपल्या गतीने चालू होती. श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहितेची मंगळागौर पूजली की रात्र जागवायची, आणि ती जागवायची खेळांनी. फुगडी, बसफुगडी, तवा फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, आगोटा-पागोटा, लाट्या बाई लाट्या, किकीचे पान, गाठोडे, सूप नाचविणे. यांतील काही खेळ पाहिले तर व्यायामशिक्षकाला आपल्या तक्त्यातील एकूण एक प्रकार त्यांत सापडतील : उकिडव्याने उड्या, कमरेतून वाकणे, हातावर तोल सांभाळणे, धाप लागेतो गरगरणे. परंतु कोणी त्यांना व्यायाम म्हणत नसे. लाटणे, सूप, जाते या रोजच्या कष्टाच्या वस्तू येथे खेळाच्या वस्तू होतात. सासू-सुनेच्या लटक्या भांडणाचा खेळ तर वर्षभर गिळलेले बोलून घेण्याचीच सोय. या खेळात नवरी जितकी शिरते तितकीच तिची साठीची आत्याही. लठ्ठ बाईची फुगडी बसली तर हशा पिकतो, पण तिला रिंगणाबाहेर काढले जात नाही. पन्नाशीच्या स्त्रीने अंग घुसळून नाचावे याला समाजमान्यता असलेली वर्षातील ती बहुधा एकमेव रात्र असे.

या चित्राला दोन पुरवण्या जोडल्या पाहिजेत, नाहीतर ते गोड होऊन बसेल. पहिली जातीची : मंगळागौर हे व्रत प्रामुख्याने उच्चवर्णीयांचे, आणि सवाष्णींचे. ज्या घरात ही रात्र रंगत असे त्याच घरात केशवपन केलेली विधवा आतल्या खोलीत बसून गाणी ऐकत असे. तिच्या देहाचा स्वीकार या खेळात नव्हता. दुसरी कष्टाची : फुगडी आणि झिम्मा बहुजन समाजातही नागपंचमीला, गौरींना घुमतात, पण भातलावणी किंवा ऊसतोड करणाऱ्या स्त्रीला व्यायामाचा अभाव हा प्रश्नच नसतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये पुढे आला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. मासिक पाळीमुळे बुडणारी मजुरी हे त्यामागील एक कारण म्हणून सांगितले गेले. आपले शरीर आहे तसे स्वीकारा, हे वाक्य त्या फडावर कोणी कोणाला म्हणावयाचे?

स्त्री-पुरुष, तरुण-वृद्ध आणि बऱ्याच अंशी जाती यांची सरमिसळ करणारे एक रिंगण मात्र आपल्याकडे आहे. आळंदी-देहूहून पंढरीपर्यंतच्या वाटेवर वारकरी फुगड्या घालतात, पावल्या खेळतात. अडीचशे किलोमीटरांच्या आसपास चालून आलेली सत्तरीची म्हातारी विसाव्याला फुगडी धरते, तेव्हा ती आरोग्यासाठी काही करीत असते असे नाही.

सरासरी माणूस पुण्यात येतो

बेल्जियन गणिती अडोल्फ केटले याने १८३२ मध्ये दाखवून दिले की प्रौढ माणसांचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १८३५ मधील त्याच्या ग्रंथात 'सरासरी माणूस' ही कल्पना आली. केटलेला समाजाचा अभ्यास करावयाचा होता. रोगनिदान त्याच्या मनात नव्हते. १९७२ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ अँसेल कीज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या गुणोत्तराला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव दिले, आणि तेही लोकसमूहांच्या अभ्यासासाठीच. तेथून ते दवाखान्यात, विमा कंपनीत आणि शेवटी महाविद्यालयाच्या शिबिरात आले. समूहासाठी घडविलेले माप एका व्यक्तीच्या कपाळी लागले. आगगाडीच्या फलाटावर नाणे टाकल्यावर वजनाबरोबर भविष्य छापून देणारी यंत्रे अनेकांना आठवत असतील. त्या चिठ्ठीत निदान भविष्य नेहमी चांगले असे.

अमेरिकेत १९६९ मध्ये स्थूल व्यक्तींच्या हक्कांसाठी संघटना स्थापन झाली आणि १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील स्त्रीवादी गटाने आपला जाहीरनामा काढला. आज समाजमाध्यमांवर दिसणारी देहस्वीकाराची भाषा बहुतांशी त्या परंपरेतली आहे. आपल्याकडे ती जशीच्या तशी लागू करताना अडचण येते. 'खात्यापित्या घरचा' हे मराठीत कौतुक आहे, 'बाळसे' हा आशीर्वाद आहे, आणि लंबोदराची स्थापना आपण दरवर्षी वाजतगाजत करतो. तर 'हडकुळी', 'सावळी', 'ठेंगणी' हे शब्द लग्नाच्या बैठकीत मुलीला ऐकावे लागतात. आपली लाज केवळ मेदाची नाही. चरकाच्या आठांच्या यादीतील बहुतेक प्रकार आपल्या वधुवर-जाहिरातींत अजून नांदत आहेत.

या मापाची खरी झाडाझडती पुण्यात झाली. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा दीर्घकाळ अभ्यास चालविला. तेथील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. परंतु हातापायांनी बारीक असलेल्या या बाळांच्या अंगावर मेदाचे प्रमाण त्या मानाने राखलेले होते. बारीक दिसणारा आणि आतून मेदस्वी असा हा भारतीय देह पुढे मधुमेहाकडे झुकतो, असा या संशोधनाचा रोख आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक यांनी आपले ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचेच छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा निर्देशांक अगदी एक, २२.३. मेदाचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. आपला देह असा जाहीरपणे उदाहरण म्हणून मांडणे, तेही लाजेशिवाय आणि किंचित मिस्किलपणे, हे कर्व्यांना आवडले असते.

या छायाचित्राचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावावा लागतो. आकड्यावरून माणसाला दोषी ठरवू नये हा एक; आणि आरशात बारीक दिसणाऱ्याने निश्चिंत राहू नये हा दुसरा. शिबिरातील त्या किडकिडीत मुलाला दोन मिनिटांत मोकळे करणे ही या दृष्टीने विद्यार्थिनीच्या प्रसंगाइतकीच गंभीर चूक होती. तिला निदान कोणी चूक तरी म्हणेल, याला कोणी म्हणणार नाही. भारतीयांसाठी २००९ मध्ये जे निकष ठरले त्यांत निर्देशांकाची मर्यादा २५ वरून २३ वर आणली गेली आणि कमरेचा घेर पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर असा वेगळा नोंदविला गेला. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगाने केवळ निर्देशांकावरून स्थूलतेला आजार ठरवू नये, अवयवांचे कार्य प्रत्यक्ष बिघडले आहे काय ते पाहावे, अशी भूमिका घेतली.

पुण्याच्याच संदर्भात आणखी एका देहाचा उल्लेख आवश्यक आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत जन्मलेले, बालपणी क्षय आणि विषमज्वराने ग्रासलेले बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात योग शिकवू लागले. १९६६ च्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथातील सुमारे सहाशे छायाचित्रांनी आसनाचे जे परिपूर्ण रूप जगापुढे ठेवले, ते पाहून सामान्य माणसाने धसका घ्यावा. पण त्यांच्या वर्गात घडत होते ते वेगळेच. भिंतीला दोर, लाकडी ठोकळे, उशा, घोंगड्या, पाठ नसलेल्या खुर्च्या. ज्याचे हात पायांपर्यंत पोचत नाहीत त्याच्यासाठी पट्टा. देह आसनापर्यंत जात नसेल तर आसन देहापर्यंत आणायचे. अंगुळाच्या जुन्या हिशेबाशी याचे नाते जुळते, जरी अय्यंगारांनी ते त्या शब्दांत मांडले नसले तरी. हृद्रोगी, गर्भवती, पाठीच्या दुखण्याने बेजार झालेले लोक याच साहित्याच्या आधारे तेथे व्यायाम करीत आले आहेत.

मंगळागौरीचे खेळ आता सभागृहांत पोचले आहेत. मुंबई-पुण्यात आणि परदेशांतील महाराष्ट्र मंडळांतही चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रियांचे गट नऊवारी नेसून ते सादर करतात. व्रताची आणि सवाष्णपणाची अट बऱ्याच गटांनी सोडली आहे, ही मोठीच गोष्ट. स्पर्धा असल्या की परीक्षक गुण देतात, त्यात वेशभूषेलाही गुण असतात, आणि मग गटप्रमुख सडपातळ मुली पुढच्या रांगेत घेते. आमच्या परिसरातील एका गटात यावरून फूट पडली. दोन बायका बाहेर पडल्या आणि त्यांनी स्पर्धेला न जाणारा वेगळा गट काढला. तो दर मंगळवारी संध्याकाळी भरतो, श्रावण नसला तरी.

मागील वर्षीच्या शिबिरात आम्ही काटा पडद्यामागे ठेवला आणि आकडा पुकारण्याऐवजी चिठ्ठीवर लिहून विद्यार्थ्याच्याच हाती देण्याची व्यवस्था केली. कमरेचा घेर घ्यायचे ठरले तेव्हा लक्षात आले की तपासणीच्या साहित्यात मोजफीतच नाही. ती कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून आणावी लागली, आणि त्याने ती संध्याकाळपर्यंत परत करण्याच्या बोलीवर दिली.